शहापूरचं मशीन घरी आणताना

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

ही वही फक्त कामाची आहे. घरच्या भानगडी इथे लिहायच्या नाहीत असं आधीच बजावून ठेवतो, कारण मी मला ओळखतो.

काम असं. माझी बायको रविना शहापूरला एका ड्रॉइंग ऑफिसात आहे. महामार्गाच्या कडेने जी लोखंडी गोदामं उठतायत, त्यांच्या सांगाड्याची ड्रॉइंगं ती काढते. कुठला खांब कुठे, कुठला बोल्ट किती जाडीचा, सगळं. ज्या सॉफ्टवेअरवर ती हे काढते ते एवढं अवजड आहे की साध्या लॅपटॉपवर उघडायला गेलं तर पंखाच आधी बोंबलतो. त्यासाठी ऑफिसात चार मोठी मशीनं आहेत. मशीन शहापूरला, म्हणून रविना शहापूरला. आमचं गाव धसईच्या पुढे तीन किलोमीटर. रोज दोन एसट्या बदलून जाऊन-येऊन तिची कंबर धरली, म्हणून गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिने तिथे रूम घेतली. शनिवारी संध्याकाळी येते, सोमवारी पहिल्या गाडीने जाते.

मी घरूनच पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅमिंग करतो. लॉकडाऊनमध्ये ऐरोलीहून लॅपटॉप घेऊन घरी आलो तो परत गेलोच नाही. मला एक खुर्ची आणि नेट मिळालं की झालं. कुठेही बसवा, काम चालू.

तर योजना. रविनाचं सॉफ्टवेअर खुलं आहे, त्याचा कोड कोणालाही घेता येतो. वीसेक वर्षांत शेकडो जणांनी मिळून लिहिलेला, पंधरा लाख ओळींचा सी प्लस प्लस. तो वेबअसेम्ब्लीत उतरवायचा. म्हणजे हे सगळं धूड मशीनवर न बसवता नुसत्या ब्राउझरच्या खिडकीत चालवायचं. पत्ता टाकला की उघडलं. वेगही जवळजवळ मशीनवर असतो तेवढाच. मग शहापूरचं मशीन लागत नाही, आणि मशीन लागत नाही म्हटल्यावर शहापूरही लागत नाही. घरातल्या लॅपटॉपवर बसून रविना आपलं काम करील.

हे सगळं आईला नीट समजावलं. ती नाचणी पाखडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यापरीस तूच का नाय जात तिकडं?"

आईला तांत्रिक गोष्टी समजावणं सोपं नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

कोड पहिल्यांदा बदलायला घातला. चार हजारांवर चुका दाखवल्या. लॅपटॉप एवढा तापला की मांजर येऊन त्याला चिकटून झोपलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. चुका नऊशेवर आल्या.

रविना काल संध्याकाळीच आली. आज सोनं देताना तिने आपट्याच्या पानांखाली हातात एक चावी ठेवली. "रूमची दुसरी चावी केलीय. तुमच्याकडं असू दे." तिची हरवली तर पंचाईत नको, म्हणून असणार. मी ती मीटरच्या बाजूच्या खिळ्याला अडकवली. ते तिने बघितलं, मग गावात सोनं वाटायला गेली.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

आज उघडलं. ब्राउझरमध्ये. आधी पाच मिनिटं नुसता राखाडी पडदा, मग वरच्या बाजूला मेनू एकेक करून उमटले, मग मधे ती ओळखीची जाळी आली ज्यावर रविना खांब उभे करते. मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. आई आत येऊन बघून गेली की काय झालं.

लगेच रविनाला फोन लावला. ती म्हणाली, "बरं झालं. जेवलात का?" मग म्हणाली, "इथं खिडकीजवळ तुमचं टेबल बसंल. मी मोजलंय, साडेतीन फूट जागा हाय." ड्रॉइंगवाल्यांचं असंच. दिसेल तिथे टेप लावतात.

मी तिला सांगितलं की अजून एक अडचण आहे. सॉफ्टवेअर एका वेळी चार-पाच कामं करतं, आणि ब्राउझर त्याला एकच करू देतो. त्यासाठी सर्व्हरवर वेगळी परवानगी द्यावी लागते. ती हं हं म्हणत होती. टेबलाचं राहूनच गेलं.

शनिवार, २ नोव्हेंबर

पाडवा. घरात धूर, उटणं आणि आईची आरडाओरड.

रविनाने ओवाळलं. मी विचारलं, ओवाळणी काय पाहिजे ते सांग. साडी-बिडी सांगेल म्हणून मी मनात मुरबाडचं दुकान पण धरून ठेवलं होतं. ती तबक हातात तसंच धरून म्हणाली, "आठ दिवस पाहिजेत. माझ्यासंगं तिकडं येऊन रहा. आठच."

मी म्हटलं, "आपण उलट करू. सॉफ्टवेअर चालायला लागलंय. तूच आठ दिवस इकडे ये. इथून काम करून बघ. मग कुठे जायलाच नको."

ती हसली. तबक खाली ठेवताना म्हणाली, "बघते. सरांना विचारते." सर म्हणजे ऑफिसचे मालक, सुनिल सर.

या वहीत खोटं लिहून काय उपयोग. मला तिथे जायला अवघड वाटतं. बाबा गेल्यापासून घरात पुरुषमाणूस मी एकटा. गावात लोक म्हणतील, किशोर बायकोच्या रूमवर राहायला गेला. कोणी तोंडावर म्हणणार नाही, पण म्हणतील. आणि दुसरं, जे काम करतोय ते तिच्यासाठीच करतोय ना. ते झालं की प्रश्नच मिटतो. मग मधे उगाच हलायचं कशाला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सुनिल सरांनी परवानगी दिली. रविना शनिवारी येतेय, आठ दिवसांसाठी. एका गोदामाचं ड्रॉइंग इथून करणार, सोमवारी पंचवीसला द्यायचंय.

एक गोष्ट राहिलीय आणि ती लिहून ठेवतो. ब्राउझर सॉफ्टवेअरला आपल्याच आत एक नकली डिस्क देतो. तुम्ही सेव्ह केलं की फाईल त्या डिस्कवर जाते, पण ती डिस्क असते नुसत्या मेमरीत. टॅब बंद केला की डिस्क गेली, फाईल गेली. तिथून उचलून ती ब्राउझरच्या कायमच्या साठ्यात टाकायचा धागा मला अजून जोडायचाय. पाच-सहा दिवसांचं काम आहे, चुकलं तर जास्त. सॉफ्टवेअरला यातलं काही माहीत नाही. ते आपलं खाली 'सेव्ह झालं' म्हणून दाखवतं.

रविनाला सांगितलं तर म्हणेल, मग ते झाल्यावरच येते. दीड वर्षांत पहिल्यांदा आठ दिवस येतेय. टॅब बंद करू नकोस एवढं सांगितलं की पुरे. लाईट गेली तरी लॅपटॉपला बॅटरी आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

चालतंय. ओटीवर बसून ती सकाळी नऊपासून काम करतेय आणि ते चालतंय. मोठं ड्रॉइंग फिरवताना जरा अडखळतं, पण चालतं. तिने पहिला खांब उभा केला तेव्हा मी मागे उभा होतो. "असं डोक्यावर उभं राहू नका," म्हणाली. मी आत जाऊन पाणी प्यायलो, परत येऊन उभा राहिलो.

दुपारी तिघांनी एकत्र जेवण केलं. साधी वालाची भाजी आणि भाकरी. सोमवारी दुपारी रविना घरात, हे किती दिवसांनी.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान. तिघे चालत शाळेत गेलो. येताना रविना आणि आई पुढे, मी मागे. दोघी कशाला तरी खळखळून हसत होत्या. मी विचारलं तर आई म्हणाली, "तुझं नाय काय."

संध्याकाळी रविना म्हणाली, "इकडं बरं वाटतंय मला. पण तुमी दिवसभर त्या खिडकीतच असता. मी शहापूरला असले काय आन् इथं असले काय." चेष्टेने म्हणाली. मी म्हटलं, हे एकदा संपू दे. तिने विचारलं, "कधी संपंल?" मी म्हटलं, दोन महिने.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

सगळं गेलं.

भाताची झोडणी चालू आहे म्हणून रविना दुपारी आईबरोबर खळ्यावर गेली होती. मी माझ्या लॅपटॉपवर नवीन आवृत्ती तयार केली होती. ड्रॉइंग फिरवताना अडखळायचं ते थांबलं होतं, लोण्यासारखं फिरत होतं. म्हटलं, ती यायच्या आत तिच्या मशीनवर टाकून ठेवू, आल्यावर एकदम दाखवू. ओटीवर गेलो. तिचा टॅब उघडा होता. रीलोड दाबलं.

नवी आवृत्ती आली. ड्रॉइंग नव्हतं.

मला माहीत होतं. या घरात, या गावात, हे माहीत असलेला मी एकटा होतो. तिला 'टॅब बंद करू नकोस' म्हणून चार वेळा सांगितलं होतं. आणि मीच दाबलं.

ती अंगावरचा भुसा झटकत आली. मी सांगितलं. ती खुर्चीवर बसली, पडद्याकडे बघितलं. मोकळी जाळी.

"पण मी दर घटकेला सेव्ह करत होते. झालं म्हणून दाखवत होतं ना?"

"दाखवत होतं."

"मग?"

"नुसतं दाखवत होतं."

तिने एकदा परत सेव्ह दाबून बघितलं. मग विचारलं, "तुमाला ठाव होतं?"

मी खाली सांडलेल्या भुशाकडे बघत राहिलो. तेवढ्यावरून तिला कळलं.

"सांगितलं असतं तर मी रोज फाईल बाहेर काढून ठेवली असती," ती म्हणाली. "आले तर असतेच. तुमाला काय वाटलं, नसते आले?"

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

पहिल्या गाडीने गेली. सोमवारच्या आत परत करायचं तर ऑफिसच्या मशीनवरच होईल, हे खरंच होतं. स्टँडवर पोचवायला गेलो. वाटेत मी म्हटलं, आठ दिवसांत तो धागा जोडतो, परत असं होणार नाही. ती म्हणाली, "जोडा."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. भांडली असती तर मी दोन शब्द बोललो असतो. गाडीत बसल्यावर तिने खिडकीतून हात केला, नेहमी करते तसाच. मी तसाच धसईच्या बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन आलो, जी कोणी सांगितली नव्हती.

मंगळवार, ३ डिसेंबर

धागा जोडला. आता सेव्ह म्हणजे सेव्ह. टॅब बंद करून, लॅपटॉप बंद करून, ब्राउझरच मारून बघितला. पन्नास वेळा. फाईल जागच्या जागी. शिवाय फाईलची प्रत बाहेर काढायला आधी मेनूत खोल शिरावं लागायचं, त्यासाठी एक बटन केलं.

रविनाला कळवलं. "छान" असं आलं.

रविवार, १५ डिसेंबर

रविना याही शनिवारी आली नाही. ऑफिसात काम आहे म्हणाली. गेल्या शनिवारी मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं.

आई भाताच्या कणग्या सारवत होती. विचारलं, "आजपण नाय आली?"

"काम आहे तिला."

"आन् तुला?"

मी म्हटलं, मलाही आहे. मग ती हात धुऊन समोर येऊन बसली. "किशोर, भात घरात आलंय. शेजारी लहानी काकू हाय, हाक मारली की येते. मना काय होतंय? तू जा महिनाभर. तुझं तिकडं काय अडतंय ते तरी सांग."

अडत काहीच नाही. पण दोन-तीन आठवड्यांत सगळं पूर्ण होणार आणि मी आता उठून जायचं, याला काय अर्थ आहे. आई माझ्या काळजीने बोलते. मी एकटा पडलोय असं तिला वाटतं.

सुनिल सरांचाही फोन होता. ऑफिसातल्या चौघांनी आठवडाभर ब्राउझरमधलं वापरून बघितलं आणि चौघेही खूष आहेत. सर म्हणाले, "किशोरभाऊ, तुमी तर आमच्या मशीनांची सुट्टीच केली." मी दिवसभर त्याच वाक्यावर होतो.

शुक्रवार, २७ डिसेंबर

आज या वहीतला सगळ्यात मोठा दिवस. सुनिल सरांनी ठरवलं की नव्या वर्षापासून कोणी रोज ऑफिसात यायची गरज नाही. मोठा गाळा सोडून देणार, एक छोटी खोली ठेवणार. चौघांनी आपापल्या घरून काम करायचं. कुठूनही.

रविनाला फोन केला तेव्हा तिला आधीच माहीत होतं. मी म्हटलं, "म्हणजे झालं ना?" ती म्हणाली, "हो. झालं." रूम पाच तारखेला सोडणार. "ती दुसरी चावी पाठवा तेवढी. मालकाला दोन्ही द्याव्या लागतील." धसईच्या कंडक्टरकडे देतो म्हटलं. खिळ्यावर चावीला गंज धरला होता.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

ओटीची भिंत रंगवली. टेबल केलं, सुताराकडून, पाच फुटांचं. खिडकी पूर्वेला आहे, सकाळी पडद्यावर ऊन येईल म्हणून पडदा लावला. आई दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "बघितलंस, आणलं की नाही शहापूर घरी?" ती म्हणाली, "तिला विचारलंस का?"

काय विचारायचं? घरी यायला कोणी विचारतं का.

सोमवार, ६ जानेवारी

सकाळपासून धसईच्या स्टँडवर होतो. सामान असेल म्हणून टेम्पो सांगून ठेवला होता. मुरबाडच्या तीन गाड्या आल्या. दुपारी एकच्या सुमारास तिचा फोन आला.

"मी म्हशाला आले. बाबांनी सामान नेलं."

म्हसा तिचं माहेर. पुढच्या आठवड्यात जत्रा आहे, त्यामुळे घरी पाहुणे, तिच्या आईला मदत. मला हे आधी सुचायला पाहिजे होतं. टेम्पोवाला म्हणाला, मग काय करू. मी त्याला चहा पाजला आणि सोडून दिलं.

जत्रा पौष पुनवेला भरते आणि पुढे पंधरा दिवस चालते. जत्रा उठली की येईल.

रविवार, १९ जानेवारी

म्हशाला जाऊन आलो.

जत्रा अजून भरात होती. रविनाचे बाबा, कमळूमामा, बैलांच्या बाजारात होते. घ्यायचं काही नव्हतं त्यांना, नुसते एकेकाचे दात बघत फिरत होते. मला बघून म्हणाले, "या जावई," आणि मग बराच वेळ बैलाबद्दलच बोलत राहिले. माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी म्हणाले, "घरी हाय ती. जा. जेवून जा पण."

रविना मागच्या अंगणात होती. लॅपटॉप झाकून माझ्याबरोबर बाहेर आली. घोंगड्यांच्या दुकानांच्या मागे जरा मोकळं रान आहे, तिथे बसलो.

मी विचारलं, "जत्रा उठली की येतेस ना? टेबल केलंय."

"नाय येत."

"मग कधी?"

"नाय येत मी," ती परत म्हणाली. मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, एवढं सगळं तुझ्यासाठी केलं. तीन महिने पडद्यापुढून उठलो नाही.

"ठाव हाय. म्हणून तर धड रागपण येत नाय." ती गवताची काडी सोलत होती. "पण मी कवा म्हटलं होतं, सॉफ्टवेअर घरी आणा? मी तुमाला या म्हणत होते. दीड वर्ष. चावी दिली, टेबलाची जागा मोजली, पाडव्याला तबक हातात घेऊन मागितलं. रोज सांजेला रूमवर येताना वाटायचं, आज दार आतून उघडंल. तुमी पंधरा लाख ओळी हलवल्यात. एक लॅपटॉप पिशवीत टाकून गाडीत बसायचं होतं, तेवढं नाय झालं."

मी म्हटलं, "उद्या येतो. शहापूरला दुसरी रूम घेऊ."

"आता शहापूरला माझं काय हाय? ते तर तुमीच काढून घेतलंत."

"मग इथे येतो. म्हशाला राहतो."

हे मी म्हटलं. लोक काय म्हणतील ते एका क्षणात कुठे गेलं माहीत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरले. मला वाटलं, हो म्हणेल.

"आता नको," ती म्हणाली. "मी वाट बघायची थांबले. ती फाईल गेली त्या दिवसापासून नाय, नंतर. एक दिवस कुलूप काढलं आन् काय वाटलंच नाय. ते परत चालू करायला मला जमायचं नाय."

मी जेवलो नाही. कमळूमामा एसटीपर्यंत आले. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून माझ्या मांडीवर एक घोंगडी टाकली, आईसाठी म्हणून.

मंगळवार, २१ जानेवारी

काल आणि आज काही केलं नाही. कंपनीला ताप आहे म्हणून कळवलं.

ही वही पहिल्यापासून वाचली. जे मला परवा रानात कळलं ते सगळं माझ्याच अक्षरात इथे लिहिलेलं आहे. आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्याखाली मी काय लिहिलंय ते वाचून मला स्वतःची किळस आली. आई चुलीपुढे होती. मी जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडलो, पोरासारखा. भाकरी करपली तरी ती उठली नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

एक सवय लागलीय, ती लिहितो.

सॉफ्टवेअर माझ्या सर्व्हरवरून उतरतं. कोणी उघडलं की तिथे एक ओळ पडते. वेळ आणि नाव. रोज सकाळी रविनाची ओळ पडते. ९:०४ रविना. ९:०१ रविना. शनिवारी ९:२०, उशीर झाला असेल, केस धुतले असतील. मी पावणेनऊपासून बसतो. ओळ पडली की कळतं, ती उठली, आंघोळ झाली, टेबलाशी बसली, बरी आहे. मग मी माझ्या कामाला लागतो.

फोन ती उचलते, पण दोन मिनिटांत ठेवते. वाईट बोलत नाही. आईची चौकशी करते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज तिचाच फोन आला.

"कामाचं विचारायचं होतं," ती म्हणाली. म्हशाला जत्रेनंतर नेटचं काही खरं नाही. सॉफ्टवेअर उतरायलाच अर्धा-पाऊण तास जातो, मधेच तुटतं, परत पहिल्यापासून. रोज लॅपटॉप घेऊन शाळेमागच्या टेकाडावर चढते, तिथे रेंज आहे, उघडलं की तसाच उघडा लॅपटॉप हातात धरून उतरते. परवा पाय घसरला. "नेट नसताना उघडंल असं करता येतं का?"

मी म्हटलं, येतं. दोन-तीन दिवसांत करतो.

येतं खरंच. ब्राउझर अख्ख्या सॉफ्टवेअरची प्रत आपल्याकडेच ठेवतो. एकदा ती उतरली की पुन्हा माझ्या सर्व्हरला विचारायचं कारण नाही. सर्व्हरला विचारलं नाही की ओळ पडत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काम झालं. सोपं होतं.

सकाळी मी त्यात आणखी एक बारीकसा तुकडा लिहिला होता. नेट असेल तेव्हा गुपचूप मला कळवायचं की आत्ता उघडलं. सात ओळी. तिला कधीच कळलं नसतं. लिहून तासभर बघत बसलो. मागच्या वेळी सेव्हचंही असंच तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. खोडला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नवी आवृत्ती चढवली आणि रविनाला फोन केला. या वेळी जे आहे ते सगळं सांगितलं. उद्यापासून टेकाडावर चढायची गरज नाही, पण आज एकदा चढ. उघड आणि खालची पट्टी पूर्ण भरेपर्यंत हलू नकोस. ब्राउझर साफ केलास तर प्रत जाईल, मग परत चढावं लागेल. आणि फाईल रोज बाहेर काढून ठेव, ब्राउझरवर पूर्ण भरवसा ठेवू नकोस.

"ठेवते," ती म्हणाली. "नोव्हेंबरपासून रोज ठेवते."

मग म्हणाली, "टेकाडावरच हाय मी. भरतेय पट्टी. तुमी रहा फोनवर."

आम्ही दोघे फोनवर राहिलो. बोललो नाही. तिकडे वारा होता, कुठेतरी गुराच्या गळ्यातली घंटा वाजत होती. तेवीस मिनिटं. मग ती म्हणाली, "भरली." आणि म्हणाली, "बरं मग."

सर्व्हरवर ओळ पडली. १०:४१ रविना.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पावणेनऊला बसलो. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. बाकी तिघांच्या ओळी पडल्या. रविनाची पडली नाही.

दहाच्या सुमारास आई चहा घेऊन आली. कप ठेवून माझ्या मागे उभी राहिली. "काय बघतंस रे एवढं?"

"काल केलेलं काम चाललं का ते बघतोय."

"चाललं?"

"चाललं," मी म्हटलं.